जुन्या गाडीचं ॲव्हरेज: पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तोवर देशात या गाडीचे २५ लाखांहून अधिक नग विकले गेले होते. त्यातल्या कितीतरी आजही तालुक्याच्या गावांत, शेताच्या वाटेवर, शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या दिसतात. जोडीला झेन, सँट्रो, जुन्या वॅगन आर, इंडिका आहेतच. या गाड्यांच्या मालकांपैकी अनेकांना नवी गाडी परवडत नाही, काहींना जुनी सोडवत नाही. पेट्रोल मात्र शंभरी ओलांडून बसलंय. म्हणून गॅरेजात, पंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो: थोडक्या खर्चात ॲव्हरेज वाढवता येतं का?

येतं. पण या प्रश्नाला मिळणारी उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. गॅरेजवाला ट्यूनिंग करा म्हणतो. जत्रेतला विक्रेता पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसवायला सांगतो. परदेशातल्या हौशी मंडळींनी गाड्यांना पुठ्ठ्याच्या आणि पत्र्याच्या शेपट्या लावून थक्क करणारे आकडे मिळवलेत. या सगळ्याचा आढावा घेतल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगतो. जुन्या गाडीत नवीन काही बसवून मिळणारा फायदा थोडा असतो. गाडी नवी असताना जे तिच्याकडे होतं आणि वर्षांनुवर्षांच्या हेळसांडीत गेलं, ते परत आणण्यात मिळणारा फायदा मोठा असतो आणि खर्चही कमी येतो.

आधी पेट्रोल जातं कुठे ते पाहू. टाकीत ओतलेल्या पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते, गर्दीच्या शहरात तर त्याहूनही कमी. उरलेली रेडिएटर, सायलेन्सर आणि इंजिनातलं घर्षण यांत संपते. चाकांपर्यंत पोहोचलेल्या ऊर्जेचे वाटेकरी तीन: टायरांचा अडथळा, हवेचा अडथळा, आणि ब्रेक मारताना वाया जाणारी गती. दोन माणसं बसलेल्या मारुती ८०० चा ढोबळ हिशोब मांडला तर टायरांचा अडथळा साधारण ९ ते १० किलोच्या ओढीएवढा भरतो आणि वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. हवेचं तसं नाही. ताशी ४० किलोमीटरला हवा सुमारे ५ किलोने मागे ओढते, ६० ला १० ते ११ किलोने, आणि ९० ला जवळपास २४ किलोने. म्हणजे साठीच्या आत टायर, ब्रेक, वजन आणि इंजिनाची तब्येत महत्त्वाची. साठीच्या पुढे हवेचं राज्य सुरू होतं. ज्याची गाडी गावातच फिरते त्याने गाडीचा आकार बदलण्यावर पैसा घालू नये, हे एवढ्यावरूनच ठरतं.

दुसरा हिशोब याहून महत्त्वाचा. आपण किलोमीटर भागिले लिटर अशा भाषेत बोलतो आणि त्यात फसतो. १० चं ॲव्हरेज १२ वर नेलं तर हजार किलोमीटरमागे जवळपास १७ लिटर वाचतात. २० चं २४ वर नेलं, म्हणजे प्रमाण तेच, तर वाचतात साडेआठहूनही कमी. आधीच बरी चालणारी गाडी आणखी ताणण्यापेक्षा खराब चालणारी गाडी बरी करण्यात जास्त पैसे आहेत. एखादी ८०० सध्या १४ देत असेल, महिन्याला ८०० किलोमीटर फिरत असेल आणि दुरुस्तीने १७ वर आली, तर महिन्याला सुमारे १० लिटर वाचतात. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाचे साडेबारा हजारांच्या वर जातात. या आकड्यात दुरुस्तीचा खर्च बसवायचा आहे, हे प्रत्येक पावती फाडताना डोक्यात असू द्यावं.

आणि मोजल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. "गाडी हलकी वाटतेय" हे मोजमाप नव्हे. टाकी फुल ते टाकी फुल हीच घरगुती पद्धत सर्वांत भरवशाची. पंप तोच, नोझल आपोआप बंद होईल तिथेच थांबायचं, वर पन्नास-शंभरचा आकडा जुळवायला आणखी ओतायचं नाही, गाडी शक्यतो त्याच जागी त्याच तोंडाने उभी करायची. एका टाकीवर विश्वास ठेवू नये. निदान तीन टाक्यांची सरासरी काढावी, आणि एका वेळी एकच बदल करावा. टायरचा आकार मूळच्यापेक्षा वेगळा असेल तर किलोमीटरचा काटा खोटं सांगतो. लहान टायरवर काटा जास्त पळतो आणि ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटतं. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाइलच्या नकाशाशी २०-२५ किलोमीटर ताडून पाहिलं की फरक कळतो. कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तो आकडा रोलरवर, ठरावीक वेगांच्या वेळापत्रकाप्रमाणे काढलेला असतो. आपली तुलना आपल्याच गाडीच्या मागच्या महिन्याशी.

आता दुरुस्तीकडे. इथे मला सर्वांत जास्त वेळ ब्रेकवर घालवायचा आहे, कारण ॲव्हरेजची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या गाडीचं बॉनेट उघडलं जातं, चाकं कोणी उघडत नाही.

आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात कोकणपट्टीत खारी हवा. पुढच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकायला हवा. त्या पिनांवरचं रबरी बूट फाटलं की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, पीन गंजते आणि कॅलिपर जागच्या जागी अडकतो. पेडल सोडलं तरी पॅड डिस्कला घासत राहतो. मागे ड्रममध्ये हँडब्रेकची केबल तिच्या आवरणात गंजते आणि लिव्हर खाली टाकला तरी पूर्ण सुटत नाही. जुन्या गाड्यांत तिसरं एक दुखणं असतं: ब्रेकची रबरी नळी आतून फुगते, दाबाने तेल पुढे जातं पण परत यायला वेळ लावतं. या तिन्ही गोष्टी चालवणाऱ्याला जाणवत नाहीत. गाडी थांबते नीट, आवाजही येतोच असं नाही.

तपासायचं कसं? रिकाम्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जा, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी हळूहळू थांबू द्या. उतरून चारही रिमांजवळ हाताची मागची बाजू न्या. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं स्वाभाविक आहे. डाव्या-उजव्यात फरक असेल तर गरम बाजूचा ब्रेक धरतोय. मग गॅरेजात गाडी जॅकवर घ्या, न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि एकेक चाक हाताने फिरवा. मोकळं चाक एका झटक्यात सैल फिरतं. धरलेलं चाक हात काढला की थांबतं. चाकाच्या कडेला तीन किलोची ओढ लागत असेल, तर ती एकाच चाकाची ओढ चारही टायरांच्या मिळून असलेल्या अडथळ्याच्या जवळपास एक तृतीयांश झाली. तेवढ्या अडथळ्याविरुद्ध गाडी दररोज, प्रत्येक किलोमीटर पेट्रोल जाळत असते. पिना काढून पॉलिशपेपरने साफ करणं, बूट बदलणं, ब्रेकचंच ग्रीस लावणं (साध्या ग्रीसने रबर फुगतं), मागचे ड्रम उघडून शूज सेट करणं, केबलला तेल किंवा नवी केबल: या सगळ्याचा खर्च मोठा नाही. जुन्या गाडीवर ॲव्हरेजसाठी केलेला याहून चांगला खर्च मला माहीत नाही, आणि यात जीवही सुरक्षित होतो.

दुसरं ठिकाण थर्मोस्टॅट. आपल्या गॅरेजांतली एक जुनी सवय फार नुकसान करते. गाडी गरम होते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा आणि "आता कधी गरम होणार नाही" असं सांगायचं. थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर गरम करून ८० ते ९० अंशांच्या आसपास ठेवणं हे आहे. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन थंडच राहतं, तेल जाड राहतं, सिलिंडरच्या गार भिंतींवर पेट्रोल नीट वायुरूप होत नाही. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीत तर आणखी वाईट. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर कॉम्प्युटरला "इंजिन अजून थंड आहे" असं कळवत राहतो आणि कॉम्प्युटर इमानदारीने जास्त पेट्रोल सोडत राहतो. मोकळ्या रस्त्यावर सत्तरच्या वेगाने दहा मिनिटं जाऊनही तापमानाचा काटा तळाशीच असेल तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय असं समजावं. नवा थर्मोस्टॅट आणि त्याचं पॅकिंग काही शेकड्यांत येतं. गाडी खरोखरच गरम होत असेल तर कारण वेगळं असतं. बहुतेकदा वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घालून रेडिएटरच्या नळ्यांत खार साचलेला असतो. तो साफ करून कूलंट भरावं. पंखा कायम चालू राहील असा डायरेक्ट जोडून ठेवण्याचा उपायही याच जातीचा. तोही काढून स्विच दुरुस्त करावा.

कार्बुरेटरच्या गाड्यांना ट्यूनिंगने खरा फायदा होतो, इंजेक्शनच्या गाड्यांना त्या मानाने कमी. याला एक चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबलेले एअर फिल्टर लावून गाड्या तपासल्या. नव्या, इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर बदलून ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, कारण कॉम्प्युटर हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी करतो. फक्त गाडीचा जोर कमी होतो. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीत मात्र नेहमीच्या तुंबलेल्या फिल्टरने २ ते ६ टक्के आणि अगदी गच्च तुंबलेल्याने १४ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. ऊसतोडीच्या हंगामात धुळीच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या जुन्या ८०० च्या मालकाने फिल्टर स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर कार्बुरेटर आहे म्हणून वेळेत बदलावा.

कार्बुरेटर साफ करून फ्लोटची पातळी तपासणं, चोकची केबल पूर्ण परत जाते का ते बघणं, टॅपेट फीलर गेजने सेट करणं, प्लगचा गॅप आणि इग्निशनचं टायमिंग जुळवणं, हे एकाच बैठकीत व्हावं. प्लग काढल्यावर त्याच्या टोकाचा रंग बघायला शिका. फिकट बिस्किटी असेल तर मिश्रण ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा फटक म्हणजे फार कमी जातंय. या शेवटच्या रंगाकडे दुर्लक्ष करू नये. ॲव्हरेजच्या नावाखाली बारीक जेट बसवून किंवा स्क्रू पिळून मिश्रण फार पातळ करून देणारे मेकॅनिक आहेत. पहिल्या महिन्यात मालक खूश होतो. मग चढावर गाडी नॉक करते, पिकअप जातो, चालवणारा ॲक्सिलरेटर जास्त दाबू लागतो आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. त्या दुरुस्तीत दोन वर्षांची बचत जाते.

एमपीएफआय गाडीत लक्ष द्यावं ते ऑक्सिजन सेन्सरकडे. तो निकामी झाला की कॉम्प्युटर आंधळेपणाने पेट्रोल सोडतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे असा बिघाड दुरुस्त केल्याने ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा महिनोन्‌महिने पेटलेला ठेवून चुंबक विकत घेणं हा पैशाचा अपव्यय आहे.

टायरांबद्दल थोडक्यात. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने तपासावा. त्याच ऊर्जा खात्याचा हिशोब असा की दाब एका पीएसआयने कमी झाला तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. म्हणजे दहा पीएसआय कमी असेल तर दोन टक्के. आपल्याकडे सांगितलं जातं तेवढं हे मोठं प्रकरण नाही, पण फुकट आहे आणि टायर वाचतात. दाब स्टिकरपेक्षा दोन-तीनने वाढवला तर चालतं. त्याहून जास्त हवा भरून ओल्या रस्त्यावर ब्रेकचा भरवसा गमावू नये. रुंद टायर आणि मोठे अलॉय ॲव्हरेज खातात. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं खरखरीत लागलं तर अलाइनमेंट गेलंय. डिकीतलं सामान काढा, पण स्टेपनी ठेवा: ५० किलोने एखादा टक्का फरक पडतो, तोही छोट्या गाडीत थोडा जास्त. टपावरचं कॅरियर मात्र वापर नसेल तेव्हा काढूनच ठेवा. महामार्गावर ते मुकाट्याने पेट्रोल पीत असतं.

गेल्या काही वर्षांत जुन्या गाडीच्या मालकापुढे एक नवी गोष्ट आली आहे, ती म्हणजे इथेनॉल. आपल्याच राज्यातले साखर कारखाने ते बनवतात, आणि २०२५ पर्यंत पंपांवरच्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटू शकतं. सरकार पुढे हा फरक किरकोळ असल्याचं सांगत राहिलं. जुन्या गाडीच्या मालकाने आयोगाचा आकडा धरून चालावं असं मला वाटतं, आणि त्या घसरणीचं खापर मेकॅनिकवर फोडू नये. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, ओरिंग आणि कार्बुरेटरमधलं रबर या इंधनासाठी बनलेलं नव्हतं. टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या एकदा बदलून घ्याव्यात. कडक झालेली, बारीक चिरा पडलेली नळी गरम इंजिनाजवळ गळू लागली तर प्रश्न ॲव्हरेजपुरता राहत नाही. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवायची असेल तर अधूनमधून चालवावी. आणि इथेनॉलमुळे कार्बुरेटरचं मिश्रण आपोआप पातळ होतं, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचं सेटिंग आज बरोबर असेलच असं नाही. प्लगचा रंग बघण्याचं हे आणखी एक कारण.

चालवण्याची पद्धत हा विषय सर्वांना पाठ आहे आणि कोणी पाळत नाही. पीसीआरए ही १९७८ मध्ये स्थापन झालेली सरकारी इंधन-बचत संस्था आहे. ताशी ८० च्या तुलनेत ४५ ते ५५ च्या वेगात ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळतं, असं ती सांगत आली आहे. वर दिलेला हवेच्या ओढीचा हिशोब पाहिला तर हे पटतं. अमेरिकेत या कलेला 'हायपरमायलिंग' असं नाव पडलं, आणि २००८ मध्ये तिथल्या ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्या क्रियापदाला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं, इतकी तेव्हाच्या तेल-दरवाढीत तिची चर्चा होती. तिच्यातली निम्मी कौशल्यं आपले जुने ड्रायव्हर उपजतच जाणतात: पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडायचा, इंजिन कण्हणार नाही असा सर्वांत वरचा गिअर ठेवायचा, मधल्या लेनमध्ये उगाच ओव्हरटेक करून पुढच्या ब्रेकवर गती उधळायची नाही. उरलेली निम्मी, म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन बंद करणं आणि ट्रकच्या अगदी मागे चिकटून जाणं, आपल्या रस्त्यांवर आत्मघातकी आहेत.

घाटात न्यूट्रल करून उतरण्याबद्दल ठामपणे लिहायला हवं, कारण 'पेट्रोल वाचतं' म्हणून ते आजही सर्रास चालतं. इंजेक्शनच्या गाडीत ते वाचतही नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की ठरावीक गतीच्या वर इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतो, आणि गाडीच इंजिन फिरवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. कार्बुरेटरच्या गाडीत थोडं वाचत असेल, पण सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. इंजिन बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि चावी फिरवली तर स्टिअरिंगही अडकू शकतं. खंडाळा असो की आंबेनळी, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा.

सिग्नलवर इंजिन बंद करावं का? दिल्ली सरकारने २०२० मध्ये याची मोहीमच काढली होती. ८०० सारखं छोटं इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल जाळतं. मिनिटभराच्या सिग्नलला आठ-नऊ मिलिलिटर. बॅटरी आणि स्टार्टर धडधाकट असतील तर लांब सिग्नलला आणि रेल्वे फाटकाला बंद करावं. दर पंधरा सेकंदांच्या थांब्याला करण्यात जुन्या गाडीचा फायदा नाही.

आता हवेचं प्रकरण. या क्षेत्रातली सर्वांत सुंदर कामं इथेच झाली आहेत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एडवर्ड्स हवाई तळावर नासाच्या अभियंत्यांनी एक जुनी व्हॅन घेऊन तिला चौकोनी पत्र्याच्या पेटीसारखं केलं आणि मग तिच्या कडा एकेक करून गोल केल्या. वेगात नेऊन गाडी मोकळी सोडायची आणि ती किती वेळात मंदावते ते मोजायचं, एवढीच पद्धत. उभ्या-आडव्या सगळ्या कडा गोल केल्यावर हवेचा अडथळा ५४ टक्क्यांनी घटला, आणि आतली जागा गेली फक्त ३ टक्के. ट्रकचे आज दिसणारे गोलसर आकार या संशोधनाचे ऋणी आहेत. अमेरिकेतच दक्षिण कॅरोलिनात एकाने १९९२ च्या होंडा सिव्हिकला घरीच निमुळती शेपटी, झाकलेली चाकं आणि सपाट पोट दिलं. त्याच्या सांगण्यानुसार ती ताशी १०५ किलोमीटरला लिटरमागे ४० च्या आसपास देते. आणि त्याही आधी, शेल कंपनीच्या अंतर्गत मायलेज स्पर्धेत, १९७३ मध्ये १९५९ ची एक ओपेल लिटरला १६० किलोमीटर चालली. पण ती ओपेल पूर्ण सोलून काढलेली होती. ताशी ५० च्या आसपास रखडत जाणारी, कडक अरुंद टायरांची, चेनवर चालणारी ती गाडी बाजारहाटाला न्यायच्या कामाची नव्हती. ॲव्हरेजची मर्यादा तपासण्यासाठी केलेला तो प्रयोग होता.

यातलं आपल्याला काय घेता येईल? मनापासून सांगायचं तर फार थोडं. या सगळ्याचा लाभ ताशी ८०-९० च्या पुढच्या, अखंड प्रवासात मिळतो. आपली जुनी छोटी गाडी तसा प्रवास क्वचित करते. पुढची जाळी पुठ्ठ्याने अर्धी झाकणं थंड देशात चालतं. विदर्भातल्या मे महिन्यात त्याने हेड गॅस्केट जाईल. पोटाखाली लावलेल्या पत्र्यात पावसाळ्यात चिखल साचतो आणि स्पीडब्रेकरवर तो पत्राच निघून येतो. सपाट व्हीलकॅप लावायला हरकत नाही. वेगात काच उघडी ठेवण्यापेक्षा बंद करून एसी लावणं आणि गावात एसी बंद करून काच उघडणं, एवढं शहाणपण मात्र जरूर घ्यावं. शेपटी वगैरेंच्या आड कायदाही येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली.

विकत मिळणाऱ्या यंत्रांबद्दल निकाल सरळ आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली. अगदी मोजक्यांनीच काहीतरी फरक दाखवला, तोही नगण्य, आणि काहींनी इंजिनालाच इजा केली. लोहचुंबकाने पेट्रोलच्या ज्वलनात फरक पडतो याला आधार नाही. पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणाऱ्या किटची वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवतं, इंजिन पेट्रोलवर चालतं. प्रत्येक पायरीवर ऊर्जा गळते, मग शेवटी ती जास्त कुठून येणार? तरीही विकत घेणारा 'फरक पडला' म्हणतो, कारण पैसे घातल्यावर तो काही आठवडे जपून चालवतो आणि हिशोब ठेवू लागतो. तो फरक त्याच्या पायाचा असतो.

सीएनजीचं वेगळं आहे. त्याने इंधन वाचत नाही, पैसे वाचतात. किटला ५० हजार, गॅस किलोला ८० रुपये आणि किलोमागे २० किलोमीटर धरलं, तर महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा खर्च निघायला जवळपास अडीच वर्षं लागतात. शिवाय आरसी बुकात नोंद, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी, आणि डिकी गेली ती गेलीच. रोज कामावर लांब जाणाऱ्याला हे जमतं. पंधरा वर्षं उलटलेल्या आणि पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी केलेल्या गाडीत ते जमवण्याआधी गाडीचा सांगाडा गंजलेला नाही ना हे बघावं.

आणि कुठे थांबायचं तेही ठरवायला हवं. कुठल्याही खर्चाआधी सगळ्या सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा फारच खाली असेल, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल आणि तेल महिन्याला भरावं लागत असेल, तर ट्यूनिंग, सेन्सर, टायर कशाचाच उपयोग व्हायचा नाही. मग निर्णय इंजिन उतरवायचं की गाडी मोडीत काढायची, एवढाच उरतो. वर्षाला तीन हजार किलोमीटरही न फिरणाऱ्या गाडीवर ॲव्हरेजसाठी ब्रेक, थर्मोस्टॅट, नळ्या आणि प्लग यांपलीकडे एक रुपयाही घालू नये. बाकीच्यांनी या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, गाडी चारही बाजूंनी जॅकवर घ्यायला लावावी आणि प्रत्येक चाक स्वतःच्या हाताने फिरवून बघावं. मेकॅनिक या कामाचे जे सातशे-आठशे मागेल, त्यात घासाघीस करू नका.